चिमटाताईंची पहिली गाडी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ज्यांनी निम्म्या शहराच्या नाकावरचे चष्मे सरळ केले, त्या बाईंना दुकानात सगळे चिमटाताई म्हणत. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू म्हणजे मुंगीएवढी वस्तू. तो फरशीवर पडला की दुकानाचा मालक हवालदिल होऊन रांगायला लागायचा, आणि ताई हातातला चिमटा न ठेवता, खुर्चीवरून न उठता सांगायच्या, तुमच्याच गुडघ्याखाली बघा. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांना चैन पडत नसे. पण गिऱ्हाईक पुढच्या आरशात स्वतःला बघून खूश व्हायचं, मालकाचे आभार मानायचं आणि निघून जायचं. मागच्या खोलीत कोणी बसतं, हे बहुतेकांच्या गावीही नसायचं.

घरी वेगळीच तऱ्हा. नवरा गाड्या रंगवणारा, गॅरेजातला उस्ताद. नावाजलेला माणूस. अपघातात चेपलेली गाडी त्याच्या हाताखालून गेली की तिच्या मालकालाच ती कुठे चेपली होती ते सापडत नसे. त्या गॅरेजात एक रिवाज होता. पत्रा कोणीही ठोको, पुट्टी कोणीही भरो, रंगाचा शेवटचा हात उस्तादांचा. त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे. गॅरेजात हे ठीकच होतं, पण उस्ताद घरी येताना रिवाज तिकडे टांगून येत नसत. ताईंनी स्वयंपाकघराचं दार रंगवलं, उस्तादांनी त्यावर ‘जरासा’ हात फिरवला. मुलीने आणि ताईंनी मिळून शाळेसाठी पुठ्ठ्याचा पूल केला, सकाळी बघतात तो त्याला चकचकीत रंग. येणारेजाणारे म्हणायचे, वा, उस्तादांचा हात लगेच कळतो. ताई चहा पुढे करायच्या. त्यांनी विणलेले स्वेटर तेवढे वाचले, कारण लोकरीवर रंगाची गन चालत नाही.

दोघंही कामातून मोकळे झाले. उस्ताद तरी रोज सकाळी गॅरेजात चक्कर मारून सगळ्यांना शहाणपण शिकवून यायचे. त्यांचा वेळ जावा म्हणून मुलीने दुसऱ्या शहरातून एक खोकं पाठवलं. त्यात प्लॅस्टिकची गाडी होती. तयार नव्हे, सुटी. दोन दारांची जुनी मोटार, खऱ्या गाडीसारखी इंजिनापासून जोडत न्यायची. उस्तादांनी खोक्यावरचं चित्र बघून नाक मुरडलं. आयुष्यभर खऱ्या गाड्या केल्या, आता म्हातारपणी भातुकली खेळू का, असं म्हणून त्यांनी ते कपाटावर टाकून दिलं.

ताईंनी ते खाली काढलं ते खरं तर खोक्यासाठी. चांगलं जाड खोकं होतं, बटणं आणि रिळं ठेवायला उत्तम. पण झाकण उघडलं आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले. आत प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या आणि चौकटींना लटकलेले इवलेइवले भाग. स्टिअरिंगचं चाक शर्टाच्या बटणाहून लहान. गिअरचा दांडा तर चष्म्याच्या स्क्रूचा सख्खा भाऊ शोभला असता. बटणं आणि रिळं राहिली बाजूला. ताईंनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, चिमटा काढला आणि कामाला बसल्या.

आणि पहिल्याच दिवशी सपशेल आपटल्या. चष्मा दुरुस्तीला आला की आधी सगळं सुटं करून एका वाटीत ठेवायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी एकूण एक भाग कापून वाटीत जमा केला, चौकटी केरात टाकल्या आणि मग सूचनांचा कागद उघडला. कागद म्हणत होता, अमुक नंबरचा भाग तमुक नंबरच्या भागाला चिकटवा. नंबर होते चौकटींवर, आणि चौकटी गेल्या होत्या कचऱ्याच्या गाडीतून.

गोंद आणायला त्या छंदाच्या सामानाच्या दुकानात गेल्या तेव्हा तिथल्या मालकीणबाईंना हे सांगितलं. मालकीणबाई पांढऱ्या केसांच्या आणि फटकळ तोंडाच्या. आधी त्या पोट धरून हसल्या, मग त्यांनी कोपऱ्यातलं काचेचं कपाट दाखवलं. ते नवशिक्यांचं कपाट होतं. ज्याने त्याने केलेली पहिली गाडी तिथे ठेवायची, कशीही झालेली असो. अट एकच, गाडी पहिल्या भागापासून शेवटच्या रंगापर्यंत एकाच माणसाने केलेली हवी. बाप लोक मुलांच्या नावावर स्वतःच्या गाड्या आणतात, त्या मी परत पाठवते, असं त्यांनी सांगितलं.

ताई कपाटासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. आतल्या गाड्या वाकड्यातिकड्या होत्या, एकीचं चाक तर चक्क बाहेर बघत होतं. पण प्रत्येक गाडी कुणा एकाची होती. आपल्या घरात अशी एक तरी वस्तू आहे का, असं त्यांच्या मनात आलं, आणि स्वेटर सोडले तर एकही आठवेना. ही गाडी या कपाटात ठेवायचीच, असं त्यांनी तिथेच ठरवलं.

मग घरात नवं पर्व सुरू झालं. वाटीतला एकेक भाग चिमट्यात धरून ताई चित्राशी ताडून बघायच्या. गिअरच्या दांड्याचा एकदा आरसा झाला, एकदा सीट उलटी बसली, एकदा गोंद जास्त होऊन खुद्द ताईच डिकीला चिकटल्या. पण इंजिन उभं राहिलं, चासीवर म्हणजे खालच्या सांगाड्यावर बसलं, चाकं फिरायला लागली. सांगाड्यावर समोरची काच बसवताना तर त्यांनी श्वास रोखून धरला होता. ठसा सोडा, काच आहे की नाही अशी शंका यावी इतकी ती स्वच्छ बसली.

उस्ताद आधी वर्तमानपत्राआडून बघायचे. मग वर्तमानपत्र खाली आलं, मग खुर्ची पुढे सरकली. अधूनमधून ‘अगं, ते जरा’ अशी सुरुवात व्हायची. ताईंनी हात वर केला की उस्तादांची गाडी तिथेच ब्रेक मारायची. एका दुपारी ताई स्टिअरिंगचं चाक बसवत होत्या. चिमटा आत गेला, कुठेही न लागता वळला, चाक ठेवून बाहेर आला. उस्ताद बघत राहिले. इतक्या वर्षांत ते चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एकदाही गेले नव्हते. बायको काय काम करते हे त्यांना ठाऊक होतं, पण ती ते कसं करते हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून ‘भातुकली’ हा शब्द घरातून हद्दपार झाला.

बॉडी तेवढी रंगवायची राहिली होती. ताईंनी दुकानातून प्लॅस्टिकवर फवारायच्या लाल रंगाचा डबा आणून ठेवला, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला की नात तापाने फणफणली आहे. ताई तिच्याकडे गेल्या.

आता उस्तादांच्या मनात काय आलं ते नीट सांगायला हवं, नाहीतर उगाच त्यांच्यावर अन्याय होईल. बायकोने जीव ओतून केलेली ही वस्तू डबडी फवारून रंगवली जावी, हे त्यांना बघवेना. आपल्याकडे देण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट काय, तर हात. म्हणून त्यांनी बॉडी बुटांच्या खोक्यात घातली, गॅरेजात नेली, त्यांचा सगळ्यात लाडका गडद लाल रंग स्वतः कालवला, खऱ्या गाडीचं थिनर घातलं आणि खऱ्या गाडीसारखाच हात मारला. घटकाभर बॉडी अशी झळकली की गॅरेजातले सगळे गोळा झाले. आणि मग ती सुरकुतायला लागली. ते थिनर पत्र्याच्या अंगावरून उडून जातं, प्लॅस्टिकला मात्र खातं. बघता बघता डिकीवर भेगांचं जाळं उठलं आणि छत मधोमध बसलं. हयातीत उस्तादांच्या हातून गाडी बिघडली नव्हती, आणि बिघडली ती ही.

ताई परत आल्या तेव्हा बॉडी टेबलावर त्या पांढऱ्या कापडावर होती आणि उस्ताद शेजारच्या खुर्चीत, तोंड एवढंसं करून. त्यांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नवीन खोकं मागवतो म्हणाले. ताईंनी बॉडी उचलून उजेडात धरली. राग आला होता, पण त्याहून जास्त रडू आलं होतं, आणि त्यांनी दोन्ही आवरलं.

“दार मी रंगवलं होतं, ते वाईट झालं होतं का हो?”

“नाही,” उस्ताद म्हणाले.

“आणि तो पुठ्ठ्याचा पूल?”

“तोही चांगला होता. मला सवयच लागली गं. वाटायचं, माझा हात लागला की शोभा येते.”

“शोभा यायची. पण वस्तू माझी राहायची नाही. मला एक तरी गोष्ट माझी हवी होती. वाकडी चालली असती.”

उस्तादांनी विचारलं, आता काय करू? ताई म्हणाल्या, काहीच करू नका, आणि तेच तुम्हाला जड जाणार आहे.

तसंच झालं. नवं खोकं ताईंनी मागवू दिलं नाही. चासी, इंजिन, काच सगळं याच बॉडीच्या मापाने बसवलं होतं, आणि हट्टालाही त्या कमी नव्हत्या. त्यांनी अगदी बारीक पॉलिश पेपर आणला आणि वाटीतल्या पाण्यात बुडवून घासायला सुरुवात केली. लाल पाणी ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा घासायचं. बोटांची टोकं सोलवटली. भेगांत पुट्टी भरली, बसलेलं छत पुट्टीने उचललं, पुन्हा घासलं. उस्ताद समोर बसून हे बघायचे आणि स्वतःचे हात मांडीखाली दाबून ठेवायचे. ही त्यांची शिक्षा होती. ती त्यांना कोणी सुनावली नव्हती, त्यांनीच घेतली होती. कधीकधी त्यांना ते इतकं असह्य व्हायचं की ते उठून अंगणात फेऱ्या मारून यायचे.

रंगाच्या दिवशी ताईंनी अंगणात स्टूल मांडलं. पहिल्याच फवाऱ्याला दारावर ओघळ आला. उस्तादांना तो ताईंच्या आधी दिसला होता, पण त्यांनी ओठ मिटून घेतले. ताईंनी रंग वाळू दिला, ओघळ घासून काढला, आणि डबा पुन्हा हातात घेऊन पाठमोऱ्याच विचारलं, “किती लांबून मारायचा?”

“वीतभर,” उस्ताद म्हणाले, आणि दुसरा शब्द तोंडातून निसटू नये म्हणून घरात निघून गेले.

पातळ थर, वाळवण, घासणं, परत पातळ थर. मग एक दिवस ताईंनी मऊ फडक्याने बॉडी पुसली आणि त्यात त्यांना खिडकीचे गज दिसले, सरळ, एकही न मोडता. डिकीच्या कोपऱ्यात भेगांची एक पुसट रेष राहिली होती, ती काही केल्या जाईना. राहू दे म्हणाल्या. बॉडी चासीवर बसवली. गाडी पूर्ण झाली आणि ताई तिच्याकडे नुसत्या बघत बसल्या. त्यांना इतका अभिमान वाटला की तो कोणाला सांगायचा हेच कळेना, म्हणून त्यांनी मुलीला फोन लावला आणि तिला काहीबाही विचारून ठेवून दिला.

गाडी घेऊन छंदाच्या दुकानात दोघं गेले. उस्तादांनी खोकं धरायलाही नकार दिला, दार तेवढं उघडून धरलं. दुकानात नेमके एक वकीलसाहेब उभे होते, ज्यांची गाडी उस्तादांनी दोनदा नवी करून दिली होती. त्यांनी काउंटरवरची लाल गाडी पाहिली, मागे उस्तादांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“ओळखलं की! हा शेवटचा हात उस्तादांचा. असा रंग दुसरं कोण देणार?”

इतकी स्तुती ताईंच्या कामाची आजवर झाली नव्हती, आणि तीही पुन्हा दुसऱ्याच्याच खात्यावर चालली होती. मालकीणबाईंनी चष्म्यावरून ताईंकडे बघितलं. मग गाडी फिरवून डिकीच्या कोपऱ्यातल्या रेषेवर बोट ठेवलं आणि रोखठोक विचारलं, दुसऱ्या कोणाचा हात लागलाय का हिला?

ताई काहीतरी सांगायला गेल्या. नवऱ्याची अब्रू झाकायची की गाडी कपाटात जाऊ द्यायची, हे त्यांचं ठरत नव्हतं. पण उस्ताद पुढे आले. गॅरेजात चार माणसांना ऐकू जावं म्हणून ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात बोलले.

“लागला होता, माझा. ही रेष आहे ना, ती माझी. मी बिघडवली आणि हिने माझा सगळा रंग घासून काढला. वकीलसाहेब, जो रंग तुम्हाला आवडला, तो हिचा आहे. मला असा जमला नसता, मी प्लॅस्टिक जाळून बसलो.”

वकीलसाहेब गाडीजवळ वाकले आणि या वेळी ताईंकडे बघून म्हणाले, फार सुंदर केलीत हो. तुमचा रंग गेला, म्हणजे गाडी हिची एकटीचीच, असं म्हणून मालकीणबाईंनी कपाटाची काच सरकवली. उस्ताद हात मागे बांधून उभे होते, मान ताठ करून, जसे स्वतःची गाडी फाटकाबाहेर जाताना उभे राहायचे तसे. ताईंनी गाडी दोन्ही हातांनी उचलली आणि वरच्या फळीवर, अगदी पुढे ठेवली.