कळमेश्वर रस्त्यावरचं चार्जिंग

ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. आमच्या कंपनीच्या विजेवर चालणाऱ्या टेम्पोंनी बुटीबोरीहून कुठल्या रस्त्याने जायचं आणि वाटेत कुठे चार्जिंग करायचं, हे ती ठरवते. दिवसभर डोळे चोळते, चहा पार थंड करून पिते. काही विचारलं की आधी म्हणते, "थांब गा, डोकं बंद पडून राहिलं."

खर्च कमी करा म्हणून वरून तगादा लागला, तेव्हा तिने कळमेश्वर रस्त्यावरचं चार्जिंग बंद केलं. तिथे फारशा गाड्या थांबत नव्हत्या. मे महिन्यातल्या एका दुपारी नेमका तिथेच आमचा एक टेम्पो बॅटरी संपून उभा राहिला. त्याला ओढून आणायला गाडी निघाली होती. तरी ती उठली आणि मला म्हणाली, "चल."

ड्रायव्हर बाभळीच्या विरळ सावलीत बसला होता. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"मॅडम, तुम्ही काहून आल्या एवढ्या उन्हात?"

"इथलं चार्जिंग मीच बंद केलं, भाऊ."

तो घटाघटा पाणी प्यायला. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मग तो जरा सरकला आणि त्याने तिच्यासाठी सावलीत जागा केली.

ती बसली. गाडी येईपर्यंत ती तिथून उठली नाही.