ळ चा ल

हे गेले त्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्या कॉम्प्युटरला हात लावला. पीथमपूरच्या कारखान्यात जाणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये ते खिडकीला डोकं टेकवून बसले आणि उतरलेच नाहीत. शेजारच्याला वाटलं, डोळा लागला आहे.

धारच्या घरात मग सासूबाई आणि मी, दोघीच उरलो. कॉम्प्युटर कारखान्यानं जुना म्हणून काढलेला होता. सुटीच्या दिवशी हे त्यावर लहानपणच्या आठवणी लिहीत. शाळा हिंदीतून झालेली, तरी लिहायचं मराठीतच, असा हट्ट. ज्या प्रोग्राममध्ये ते लिहीत, तो नंतरच्या एका दुरुस्तीत पुसला गेला. आता फाइल उघडली की नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. वाचता येण्याजोगं करायला एकच साधन उरलं होतं. पडद्यावर ह्यांनीच तयार केलेलं एक चित्र होतं, त्यावर फाइल ओढून टाकली की आतला छोटा प्रोग्राम तिचं रूपांतर करून छापायजोगी पानं काढी. कारखान्याच्या सूचना ते याच वाटेनं काढत. आठवणी अजून पुऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून त्या त्यांनी कधी काढून पाहिल्या नव्हत्या.

मी काढल्या. ‘आई जवल बसली’, ‘नलाला पाणी नव्हतं’, ‘मी बाल होतो’. इतक्या दिवसांनी मला हसू आलं. हिंदीत शिकलेला माणूस, ळ ला घाबरला असेल, असं वाटलं.

शेवटचं पान धरमपुरीचं होतं. नर्मदेच्या नावेत दोघे भाऊ बसलेले, थोरला पाण्यात हात घालतोय आणि नावाडी ओरडतोय, “हाथ अंदर ले!” त्यापुढे दोन ओळी, आणि खाली कोरं.

‘तो काल गेला. आईला सांगायचं राहिलं.’

मी ते सासूबाईंना न थांबता वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“तो म्हणजे थोरला,” त्या म्हणाल्या. “येऊन भेटून गेला तर. ह्या मेल्यानं मला सांगितलं नाही!” आणि मेल्या हा शब्द आपण कोणाला वापरला हे लक्षात येऊन त्यांनी तोंडावर पदर धरला.

थोरले दीर वडिलांशी भांडून घर सोडून गेले, ते माझ्या लग्नाच्याही आधी. पुन्हा पत्ता लागला नव्हता. बारा वर्षं उलटली की बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकायचं, असा रिवाज आहे. ती कधीच उलटली होती. ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी थोरल्याचंही करून टाका, असं गुरुजी म्हणत होते, देवासचे नातेवाईकही म्हणत होते. सासूबाई कशाबशा तयार झाल्या होत्या. त्या दोन ओळी ऐकल्यावर त्यांनी देवासला फोन करायला लावला. “माझा थोरला जिवंत आहे. पुतळाबितळा काही नाही.”

त्यानंतर मी ती पानं पुन्हा चाळली. एवढ्या पानांत ळ एकदाही नव्हता. ह्यांची दिवाळीसुद्धा ‘दिवाली’ झाली होती. मग हा ‘काल’ कशावरून कालच? ‘तो काळ गेला’ असं लिहिलं असेल तर? नावेतलं लहानपण आठवून कोणीही लिहील असं ते वाक्य. मग भाऊ भेटला नव्हता, कोणी आलं नव्हतं.

मी ह्यांच्या सोबत काम करणाऱ्या इंजिनिअरांना फोन केला.

“वहिनी, फाइलच्या अगदी वर बघा, सेटिंग असेल. भाषा काय लिहिलीय?”

“मराठी. इंग्रजी अक्षरांत.”

“मग ळ यायलाच पाहिजे. मशीन है, जिद थोडी करेगी!”

पण ते जिद्दच करत होतं. मी मराठी हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला, खालच्या ओळीत पुन्हा लिहिला, पुसून नव्यानं लिहिला. शाळेत शिकवून आले की चपला काढून थेट तिथेच बसायची. दर वेळी पान यायचं आणि शेवटी ‘काल’ असायचा. दर वेळी मला रडू यायचं, आणि कुठेतरी बरंही वाटायचं. सासूबाई दारातून विचारत, “काय म्हणतो?” जणू आत हेच बसले आहेत.

“अजून काही नाही, आई.”

“म्हणजे कालच.”

वर्षश्राद्ध जवळ येत होतं. प्रोग्रामसोबत इंग्रजीतली मदतीची पानं होती. ती मी शब्दकोश घेऊन हळूहळू वाचायला घेतली. बरंचसं कळलं नाही. एका जागी मात्र स्पष्ट लिहिलं होतं की प्रोग्रामला स्वतःच्या काही सवयी असतात, फाइलमध्ये वेगळी सूचना असेल तर ती त्या सवयींवर मात करते, आणि प्रोग्राम सुरू करताना हुकुमातच काही सांगितलं असेल तर तो हुकूम फाइलवरही मात करतो. फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

पण मी तर कसलाच हुकूम देत नव्हते. नुसती फाइल ओढून टाकत होते. पुन्हा इंजिनिअरांना फोन केला. ते ह्यांना ‘भिया’ म्हणत, म्हणजे भाऊ.

“अरे हो! भियांनी बनवलेला आयकॉन ना? वहिनी, हुकूम त्याच्या पोटात आहे. राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज बघा.”

चित्राच्या पोटात एक लांबलचक ओळ होती आणि तिच्या शेपटाला ‘भाषा हिंदी’ असा पर्याय जोडलेला होता. कारखान्याच्या सूचना हिंदीत निघत, त्यांच्या अक्षरांत ळ नव्हता, म्हणून हिंदी म्हटलं की प्रोग्राम प्रत्येक ळ चा ल करून टाकी. फाइलीत मराठी लिहिणारेही हेच, आणि तिच्या वरचढ हिंदीचा हुकूम ठेवून गेलेलेही हेच.

ती ओळ तशीच सोडली असती तर थोरले दीर जिवंत राहिले असते, निदान आमच्या घरात. पण मला कळायला हवं होतं. हे शेवटच्या दिवसांत भावाला भेटले होते की एकटेच होते, हे मलाही जाणून घ्यायचं होतं. मी हिंदी पुसून मराठी लिहिलं आणि फाइल ओढली.

‘जवळ’ आलं. ‘नळाला’ आलं. ‘मी बाळ होतो’ आलं. मी शेवटच्या पानावर गेले.

‘तो काळ गेला. आईला सांगायचं राहिलं.’

सासूबाई दारात उभ्या होत्या. माझ्याच्यानं खोटं बोलवलं नाही. मी वाचलं आणि ळ कुठून गेला होता, कसा परत आला, ते सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“यंत्र ळ चा ल करतं म्हणतेस.”

“हो.”

“मग आज त्यानं ल चा ळ केला नसेल कशावरून?”

“नाही करत, आई. हे बघा, या पानावर ‘काल रात्री’ आहे, तिथं ल तसाच राहिलाय.”

त्यांनी पानाकडे पाहिलं नाही.

“गुरुजींना सांग, धाकट्याचंच करायचं. थोरल्याचं नाही.”

“पण आई, त्यात लिहिलंय...”

“लिहिलेलं राहू दे. मी सांगते आहे.”

गुरुजींनी शास्त्र काढून दाखवलं, देवासहून समजावणीचे फोन आले. सासूबाई हलल्या नाहीत. वर्षश्राद्ध एकाचंच झालं.

आता फाटक वाजलं की त्या पोळी लाटता लाटता थांबून मान वर करतात. दूधवाला असतो, नाहीतर वीजबिलवाला. मला तो ळ माहीत आहे. तरी मीही मान वर करते.