सावंतकाकांचं वायफाय आणि उपाशी मुंबई

हसू नका म्हटलं तरी हसणारच तुम्ही, म्हणून सांगूनच टाकते. एका बुधवारी मी अख्ख्या मुंबईला मासे खाऊ दिले नाहीत. एकटीनं!

मी अंधेरीत एका छोट्या कंपनीत आहे. आमच्या अ‍ॅपवर लोक ताजी मासळी मागवतात. हे अ‍ॅप चालतं कंटेनरांत, म्हणजे एकेका कामाचा एकेक बंद डबा. सगळ्या डब्यांची मोट बांधलेली, ते क्लस्टर. त्याला दारं दोन: एक गिऱ्हाइकांचं, एक आम्हा काम करणाऱ्यांचं.

आमची बॉस प्राजक्ता म्हणाली, "कामाचं दार फक्त ऑफिसच्या नेटला उघडं ठेव. बाकी सगळे बाहेर."

सोप्पं! त्या सकाळी मी चारकोपला घरीच होते. आमचं नेट बंद, म्हणून शेजारच्या सावंतकाकांचं वायफाय घेतलेलं. ऑफिसच्या नेटचा पत्ता टाकायचा, तर लॅपटॉपवर दिसला तोच मी डोळे झाकून चिकटवला. आणि तोही दोन्ही दारांना! दुसऱ्या दारानं काय घोडं मारलं होतं?

"झालं! आता माशीसुद्धा आत शिरणार नाही," असा मेसेज टाकून मी ऐटीत रिक्षात बसले.

खरंच शिरली नाही हो!

ऑफिसात पोचते तर प्राजक्ता लाल. "अगं, कोणाचंच अ‍ॅप उघडत नाहीये! बुधवार आहे आज!"

मी लॅपटॉप उघडला. मलाच प्रवेश नाही! मुख्य चावी ज्या सरांकडे, ते विमानात. वाट लागली!

तेवढ्यात खारदांड्याहून हिराबाईंचा फोन. आमची मासळी त्यांच्याकडून येते. "काय गं पोरी, सगल्या मुंबईनं उपास धरलाय काय? बर्फ वितळतोय माझा! एकच मानूस मागवतोय. आधी पापलेट, मग सुरमई, आता कोलंबी."

"कोण हो?"

"चारकोपचा कोन सावंत हाय."

म्हणजे मी चिकटवलेला पत्ता... अरे देवा! सबंध मुंबईत आमचं दुकान फक्त सावंतकाकांसाठी उघडं होतं!

"प्राजक्ता, मला घरी जायचंय."

"आत्ता?"

"घरी नाही गं. शेजारी!"

रिक्षा, सिग्नल, पुन्हा सिग्नल. सावंतकाकांच्या दारात पोचले तेव्हा धाप लागली होती. ते आरामखुर्चीत, मोबाईल नाकाशी धरून.

"ये गो चेडवा! तुमचा अ‍ॅप काय पळता! बोट लावलंय की ऑर्डर गेली!"

पळणारच! अख्खं क्लस्टर एका माणसाच्या दिमतीला!

मी त्यांच्याच लादीवर फतकल मारली, वायफाय जोडलं आणि दोन्ही दारं सुधारली. पाचव्या मिनिटाला प्राजक्ताचा फोन. मागून हिराबाईंसाठी धडाधड ऑर्डरींच्या घंटा! "आल्या गं, आल्या!" ती किंचाळली. मी आनंदानं तिथेच उडी मारली.

मग कपाळाला आठ्या घालून सावंतकाका मोबाईल हलवायला लागले. चाक फिरतंय, फिरतंय, थांबतच नाही. अख्खी मुंबई एकदम घुसली होती ना!

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सकाळपासून बरा चलत होता गो. तू हात लावलंस, नि बिघडवलंस!"

आणि माझ्यासमोरच त्यांनी आमच्या अ‍ॅपला एक तारा देऊन टाकला.