उजव्या कडेची ओळ
सुक्या बोंबलांचा वास आला की मुरुडचं ते लॉज आठवतं आणि डोकं पुन्हा तापतं. आमच्या कंपनीकडे आलेल्या त्या लॉजच्या वेबसाइटसाठी मालकिणीने स्वागताची एक ओळ उर्दूत लिहून दिली होती. पानाची मांडणी ठरवणाऱ्या स्टाइलशीटमध्ये मी ती उजव्या कडेला लावली. लॉजच्याच, बोंबील वाळत घातलेल्या अंगणात मालकिणीला पान दाखवताना आमचा बॉस माझ्यावर खेकसला, "बाकी मजकूर डावीकडे आणि ही एकच ओळ उजवीकडे? सरळ कर." "सर, उर्दू उजवीकडूनच लिहितात." "वाचतंय कोण इथे?" चहा ओतणाऱ्या मालकिणीने किटली खाली ठेवली. "मी वाचते. माझी अम्मी वाचते. तुमचं काम नको आम्हाला." परतताना गाडीत बॉस मलाच म्हणाला, "एका ओळीपायी काम घालवलंस." मी वाटेतच उतरले आणि एसटी पकडली. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये असंच वाटतं.