अण्णांना उभं करताना

सकाळी तालमीत माती कालवता कालवता अण्णा खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. माझे वडील रत्नागिरीत दांडपट्टा शिकवत. ज्या मनगटावर पट्टा फिरे, ते आता मी उचलून उशीवर ठेवायचं.

आई लहानपणीच गेलेली. नवरा मुंबईला गिरणीत, म्हणून मी माहेरीच होते. वैद्यांनी तेल दिलं, महिनाभर चोळायला लावलं आणि मग येणंच बंद केलं. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडत. पेज भरवायला गेलं की दात आवळून घेत. एका दुपारी मागच्या दारी बघते तर ते डाव्या कोपरावर सरपटत विहिरीच्या कठड्यापर्यंत पोचलेले. मी पाय धरून मागे ओढलं.

त्याच आठवड्यात मामा रजेवर आले. ते बोटीवर खलाशी. हाँगकाँगच्या बंदरात एका म्हाताऱ्या चिनी आचाऱ्याकडून ते त्याच्या देशातली, उभं राहून श्वास साधायची विद्या शिकले होते. अंगणात त्यांनी उभं राहून दाखवलं. गुडघे सैल, हात भाताच्या कणगीला मिठी मारल्यासारखे, श्वास बेंबीच्या खाली.

"भावोजी, नुसतं उभं राहायचं. जोर आतून येतो."

अण्णांच्या घशातून आवाज आला. मला वाटलं चिडले. दोन-तीनदा ऐकल्यावर शब्द लागले.

"आमचे वस्ताद... हेच."

पट्टा हातात देण्याआधी त्यांच्या वस्तादांनी वर्षभर त्यांना असंच उभं केलं होतं. मुलं कंटाळून पळतात म्हणून अण्णांनी पुढे ते कुणाला शिकवलंच नाही. तुटक तुटक सांगताना ते रडले.

मामा परत गेले. रोज सकाळी मी अण्णांना मागून कवेत धरून उभं करी, तळवा त्यांच्या पोटावर. श्वास छातीतच अडके. तिसऱ्या महिन्यात आम्ही दोघं जांभ्याच्या पायरीवर कोसळलो. त्यांचं कपाळ फुटलं.

"सोड मला, बाय. मरू दे."

"नाही सोडत. श्वास घ्या."

"कशाला?"

मी पदरानं रक्त दाबलं आणि त्यांना पुन्हा उचललं. "खाली, अण्णा! बेंबीत!" मी किंचाळत होते. शेजारीण धावत आली. तिला वाटलं, मी बापाला मारतेय.

हात अखेरपर्यंत उठला नाही. पाय वर्षभरानं थोडा भार घेऊ लागला. अण्णा चौकट धरून एकटे उभे राहायचे आणि मला आत पाठवायचे. मी चुलीपाशी बसे, पण भाकरी करपत. आता पडतील, आता पडतील, एवढंच मनात चाललेलं असे.