इस्माईलच्या सायकलचे ब्रेक

इस्माईल काल गेला. सायकलवरून पडून नव्हे.

हे प्रथम स्पष्ट करतो, कारण गावात तसे बोलले जात आहे. तो घरी, झोपेत गेला. ब्रेकचा त्यात काहीही दोष नाही.

इस्माईल माझा शाळेपासूनचा मित्र. मी होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या झालो, तो कुवेतला गेला. परतला तेव्हा दोघांचेही केस पिकले होते.

त्याची पत्नी, आमच्या जैनबवहिनी, वारल्यापासून तो रोज सकाळी नमाज आटोपून कबरस्तानात जात असे.

कबरस्तान उताराच्या तळाशी, खाडीलगत आहे. गुडघ्यांमुळे त्याला चालणे अशक्य झाले होते, सायकल मात्र चालवता येई. म्हणून त्याचा मुलगा फैसल याने कुवेतहून पैसे पाठवून त्याला डिस्क ब्रेकची सायकल घेऊन दिली.

सायकल उत्तम होती. परंतु ब्रेक दाबला की संपूर्ण आळी जागी होई. आणि इतके किंचाळूनही चाक थांबत नसे.

"तांडेल, एक दिवस कबरीतली मानसं उठून बसतील रे," तो म्हणे. "जैनब तर पयली. तिला माझ्या घोरन्याचाच किती राग व्हता!"

एका सकाळी उताराच्या तळाशी तो थांबलाच नाही. सरळ खाडीच्या चिखलात गेला.

इजा झाली नाही. परंतु कोणीतरी त्याचा फोटो कुवेतला पाठवला.

फैसलचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसलो होतो.

"अब्बा, बास झालं. सायकल विकून टाका. रिक्षानं जा."

"रिक्षावाला फाटकाशी हॉर्न मारत बसतो. तुझ्या आईशी दोन शब्द बोलून देत न्हाय."

"मग ब्रेक नीट करा. न्हायतर गावातल्या मामूला सांगून सायकल उचलायला लावतो."

फोन ठेवल्यावर इस्माईल उठून सायकलपाशी गेला आणि ब्रेक दाबून पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी सायकल टेम्पोत घालून आम्ही अलिबागला गेलो. सायकलवाल्याने डिस्कवरून बोट फिरवले आणि बोटाचा वास घेतला.

"चाचा, याला तेल कोन लावतं?"

"मीच. दर शुक्रवारी. खाऱ्या हवेत लोखंड उघडं ठेवतात काय?"

"अवो, सगळीकडं लावा, पन इथं न्हाय! पॅड तेल पिऊन बसलेत. वरडतील न्हाय तर काय करतील?"

या किनाऱ्यावर जन्मलेला माणूस लोखंड दिसले की तेल लावतो. कडी, विळी, होडीचा नांगर, सर्वांना. त्याच्या जागी मी असतो तरी लावले असते.

केवळ पुसून भागणार नव्हते. धातूमिश्रित पॅड, पुढच्या चाकाला मोठी डिस्क आणि गंजलेल्या केबलच्या जागी नवी केबल, असे सर्व बदलून घेतले.

सायकलवाल्याने बजावले की नवे पॅड लगेच पकड घेत नाहीत. वेग घ्या, दाबा, पुन्हा वेग घ्या, पुन्हा दाबा.

त्यानुसार आम्ही किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावर गेलो. तो सायकलवर, मी मागून पायी. तो सुटे आणि थांबे, सुटे आणि थांबे. मासळी सुकवणाऱ्या बायका हातचे काम सोडून पाहू लागल्या.

"चाचा, जायाचं हाय का थांबायचं हाय, एकदा ठरवा की!"

"थांबायला शिकतोय गो! जायला येतंच हाय."

संध्याकाळपर्यंत आवाज पूर्णपणे बंद झाला. दोन बोटांनी दाबले तरी सायकल जागच्या जागी उभी राहू लागली.

त्यानंतर परवापर्यंत त्याची एकही सकाळ चुकली नाही.

काल दुपारी त्याच उताराने त्याला खांद्यावरून नेले. माझाही खांदा लागला. उतारावर जनाजा पुढे ओढला जातो, म्हणून सर्वांनी पावले आवळून टाकली.

फैसल पोहोचू शकला नाही. फोनवर रडत होता.

"काका, अब्बांना मी उगाच तोडून बोललो."

मी त्याला म्हणालो, "तू बोललास म्हणून ब्रेक नीट झाले. ब्रेक नीट झाले म्हणून तुझ्या बापाला तुझ्या आईकडे जाता आले."

जैनबवहिनींच्या शेजारची जागा त्याने आधीच मागून ठेवली होती. तेथेच त्याला ठेवले आहे.

इस्माईल, जेथे तू रोज जात होतास, आता तेथेच आहेस.

मी उद्या सकाळी येईन. पायी येईन. वेळ लागेल.

आमच्या रीतीने श्रद्धांजली, तुमच्या रीतीने दुआ. दोन्ही मनापासून.