गुरुजींनी मागे घेतलेली विहीर

कळमनुरीकडच्या गोरेगावजवळ बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहणारे प्रेमदास गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी मोबाइलवर 'धर्मचर्चा' नावाचा ग्रुप काढला. कुणी त्यात भजनाचा अर्थ विचारी, कुणी कुराणातली वा बायबलमधली गोष्ट मांडी. गुरुजींचा नियम एकच होता: बोलाल त्याला आधार द्या. या नियमावरच त्यांची पत उभी होती.

एका दुपारी गोरेगावातले बियाण्यांचे दुकानदार हरिचंद यांनी कुठूनसा आलेला मजकूर ग्रुपवर टाकला. युरोपात प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवले, ही जातच विषारी, असे त्यात होते. खाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली. ग्रुपमधल्या कुणी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नव्हता. गुरुजींना मात्र तो मजकूर ओळखीचा वाटला. गावात बैल हरवला की झडती पहिल्यांदा तांड्याची होई. लहानपणी दारात उभे राहून त्यांनी ती पाहिली होती.

त्यांनी सविस्तर उत्तर लिहिले. त्या साथीत ज्यूही मेले. विषाचे कबुलीजबाब छळ करून वदवलेले होते. तेवढ्यावर ते थांबले असते तर बरे. पण आवेशात त्यांनी पुढे जोडले, की कळमनुरीच्या वाटेवरची दगडी विहीर निजामाच्या काळात एका ज्यू ओव्हरसियरनेच बांधली. कुठल्याशा भाषणात त्यांनी ते ऐकले होते.

हरिचंदांनी लगेच टोचले, "गुरुजी, आधार?"

दुसऱ्या दिवशी गुरुजी जीपने विहिरीवर गेले. काठावरच्या दगडावरचे शेवाळ त्यांनी खरडून पाहिले. साल कोरलेले होते, नाव नव्हते. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या जळबांना विचारले.

"ज्यू म्हंजे कोन?" जळबा म्हणाले. "आमच्या आज्यानं खंदली म्हनतेत. बाकी मला ठावं न्हाई."

घरी रुक्माबाईंनी नवऱ्याला समजावले. "चूप बसा. लोकं इसरतेत. मागं घेतलं तर हरिचंद म्हनंल, गुरुजीचं सगळंच खोटं."

"व्हय, म्हनंल."

"मग काहून लिहून राहिले?"

"मी न्हाई लिहिलं, तर त्याला कोन्त्या तोंडानं इचारू?"

त्यांनी लिहिले: 'विहिरीबद्दलच्या माझ्या विधानाला आधार नाही. ते मी मागे घेतो. पण ज्यूंनी इथे विहीर बांधली नसेल, म्हणून त्यांनी तिकडे विष कालवले हे खरे ठरत नाही. निर्दोष ठरण्यासाठी कुणाला विहीर बांधून दाखवावी लागू नये. हरिचंदभाऊ, आता तुमचा आधार.'

हसऱ्या चेहऱ्यांची रीघ लागली. 'गुरुजी आपटले', असे कुणी लिहिले. हरिचंद उत्तर न देता ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांच्यामागे आणखी काहीजण गेले.

बाजाराच्या दिवशी गुरुजी हरिचंदांच्या दुकानात शिरले.

"या गुरुजी," हरिचंद गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे म्हणाले. "बांधकाम खात्यात लागले म्हनं तुमी?"

लोक हसले. गुरुजीही हसले. "हरभऱ्याचं बी द्या. अन् तुमचं उत्तर राहिलंय, भाऊ."

हरिचंदांचा आवाज खाली आला. "त्याला कसला आधार असतो, गुरुजी? आलं, पुढं धाडलं."

"मग तेवढंच लिहा."

"मी ग्रुपात न्हाई आता."

"जिथं जिथं धाडलं, तिथं लिहा."

हरिचंदांनी बियाण्याची पिशवी पुढे सरकवली आणि ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. गुरुजींनी पिशवी उचलली, पण ते बाहेर पडले नाहीत. दाराजवळच्या बाकावर उत्तराची वाट बघत बसून राहिले.